राखेखालचें घर

महाविद्यालयांत रोमचा इतिहास शिकवीत असतां दरवर्षीं एक दिवस असा येतो कीं, त्या दिवशीं आम्ही फळ्यावर रोमन घराची आकृति काढतों. समोर दार, दारांतून आंत जाणारी अरुंद वाट, मग मधला मोठा चौक, त्याच्या छपरास आभाळ दिसेल एवढें मोकळें तोंड व त्याच्या बरोबर खालीं पावसाचें पाणी झेलणारें उथळ टांकें, पलीकडे यजमानाची बैठक, आणि तिच्या मागें खांबांच्या ओवऱ्यांनीं वेढलेली बाग. प्रत्येक भागास एक लॅटिन नांव आहे. तीं नांवें पाठ करविलीं कीं रोमन गृहजीवनाचा धडा संपला, असें आम्ही पुष्कळ वर्षें मानीत आलों. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें ती आकृति वहींत उतरून घेतां घेतां विचारलें, "सर, ह्यांत दासी कोठें निजत असे?" आम्हीं आकृतीकडे पाहिलें. तींत मालकाची जागा होती, पाहुण्यांच्या पंगतीची जागा होती, पूर्वजांच्या मुखवट्यांची जागा होती, दासीची नव्हती. "तें पुस्तकांत दिलेलें नाहीं," असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. प्रस्तुतचा लेख म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरां दिलेलें उत्तर होय.

उशीर झाला याचें कारण केवळ आमचें अज्ञान नव्हे. रोमन घराविषयीं आम्ही जें शिकवितों तें बहुतेक सर्व घरमालकांच्या बाजूनें लिहिलेलें आहे. खोल्यांचीं नांवें व मापें ज्यावरून घेतलीं जातात तो व्हिट्रूव्हियस नामक स्थपतीचा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या अखेरचा आहे. त्याच्या सहाव्या भागांत, घराच्या कोणत्या भागीं लोकांनीं न बोलावतां यावें व कोणत्या भागीं निमंत्रणावांचून पाऊल टाकूं नये, याची फोड केलेली आहे. सामान्य स्थितीच्या माणसांस भव्य देवड्या व बैठकी नकोत, कारण त्यांनींच दुसऱ्यांच्या दारीं जावयाचें असतें, असेंहि तो सांगतो. धाकट्या प्लिनीनें आपल्या समुद्रकांठच्या वाड्याचें मोठें मनोहर वर्णन एका पत्रांत केलें आहे. त्यांत दासांच्या खोल्यांचा उल्लेख नाहीं असें नाहीं. पण त्यांतील बहुतेक खोल्या पाहुण्यांनाहि देतां येतील इतक्या स्वच्छ आहेत, एवढेंच काय तें तो त्यांच्याविषयीं सांगतो! ज्यांनीं चूल पेटविली, पाणी भरलें, लोंकर कातली, त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. त्यांच्याविषयीं कांहीं कळावयाचें असेल तर तें मातीलाच विचारलें पाहिजे.

ती माती इटलींत एके ठिकाणीं विलक्षण बोलकी आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला आणि त्याच्या पायथ्याचीं पॉम्पी व हर्क्युलेनियम हीं गांवें राख, पिंवर दगड आणि तप्त धुरळा यांच्याखालीं गडप झालीं. चुलीवरचीं भांडीं, भट्टींतल्या भाकरी, दारामागचे अडसर हें सर्व घरांतल्या घरांत गाडलें गेलें. हर्क्युलेनियम येथें इ. स. १७३८ त व पॉम्पी येथें इ. स. १७४८ त खणण्यास आरंभ झाला. तेव्हां वाटेल कीं, येथें रोमन संसार जसाच्या तसा हातीं आला असेल. दुर्दैवानें तसें झालें नाहीं. आरंभींचे खणणारे नेपल्सच्या राजाचे चाकर होते व राजाला पदार्थसंग्रहालय सजवावयाचें होतें. सुंदर पुतळा दिसला कीं तो उचलावा, भिंतीवरील उत्तम चित्र दिसलें कीं तें कापून काढावें, आणि मडकीं, खिळे, मातीचे गोळे यांकडे ढुंकूनहि पाहूं नये, अशी ती रीत. वस्तु वांचल्या, पण कोणती वस्तु कोणत्या खोलींत, कशाशेजारीं पडली होती, ही गोष्ट बव्हंशीं नाहींशी झाली.

ह्या हानीचें मोल वाचकांच्या ध्यानीं यावें म्हणून एक साधें उदाहरण घेऊं. रोमन माग उभा असे, व त्याचे ताणे ताठ राहावे म्हणून त्यांना खालीं मातीचीं भोंकें पाडलेलीं वजनें बांधीत. असलें एक वजन संग्रहालयाच्या कपाटांत ठेवलें, तर त्यावरून एवढेंच कळतें कीं, रोमन लोक विणीत असत. आणि ही गोष्ट आपणांस आधींच ठाऊक होती. पण तशींच वजनें घराच्या पुढच्या चौकांत भिंतीलगत एकत्र पडलेलीं आढळलीं, तर येथें माग होता, येथें कोणीतरी उजेडाकडे तोंड करून उभी राहत असे, येणाऱ्याजाणाऱ्यांचीं बोलणीं तिच्या कानांवर पडत असत, असें सबंध एक चित्र उभें राहतें. वजन तेंच, बोलतें ती त्याची जागा. पुराणवस्तुशास्त्राचें सारें मर्म ह्या एका गोष्टींत आहे, आणि खणण्याच्या क्रियेंतच तिचा घात आहे. कारण वस्तु उचलल्याखेरीज खालचा थर दिसत नाहीं, आणि उचलली कीं ती जागा पुन्हा मिळत नाहीं. एका घराचें उत्खनन दोनदां करतां येत नाहीं.

हें मर्म ज्यानें पॉम्पीच्या कामांत प्रथम नीट उतरविलें तो जुझेप्पे फिओरेल्ली हा इटालियन विद्वान इ. स. १८६३ त तेथील उत्खननाचा प्रमुख झाला. त्याच्या तीन गोष्टी आठवणींत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, त्यानें सबंध शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येक विभागांतील घरांच्या समूहांना अंक दिले, आणि प्रत्येक दाराला अंक दिला. त्यामुळें तीन अंकांनीं कोणतेंहि घर सांगतां येऊं लागलें. दुसरी अशी कीं, मृतांचीं शरीरें कुजून गेल्यावर कठीण झालेल्या राखेंत ज्या पोकळ्या उरल्या होत्या त्यांत पातळ प्लॅस्टर ओतून त्यानें त्या माणसांचे आकार परत मिळविले. तिसरी गोष्ट त्या मानानें कमी प्रसिद्ध आहे. इ. स. १८६१ पासून फेलिचे पादिल्योने ह्या कारागिराच्या हातून बूच, लांकूड, प्लॅस्टर व कागद यांचा पॉम्पीचा एक नमुना तयार होऊं लागला. त्याचें प्रमाण शंभरास एक असें असून त्यांत भिंतींवरचीं चित्रेंसुद्धां बारीक कुंचल्यानें उतरविलेलीं आहेत. नेपल्सच्या संग्रहालयांत तो आजहि पाहतां येतो. ज्या भिंतींचे रंग पुढें ऊनपावसानें उडून गेले, त्यांतील कित्येक भिंतींवर काय होतें तें आज ह्या बुचाच्या खेळण्यावरूनच कळतें.

अंकांचा पत्ता, पोकळीचा साचा आणि शहराचा नमुना ही ती त्रयी. अलीकडे संगणकाच्या साहाय्यानें पॉम्पींत जें चाललें आहे त्याचा गाजावाजा पुष्कळ होतो, व जणुं कांहीं सर्वस्वीं नवेंच शास्त्र जन्मास आलें अशी भाषा कानीं पडते. आमच्या मतें हें काम फिओरेल्लीच्याच त्रयीचा विस्तार आहे. हेतु जुना आहे. हाताची पोंच मात्र शतपट वाढली आहे.

आधीं नमुन्याचें पाहूं. इ. स. २००० मध्यें रोम येथील स्वीडिश संस्थेच्या आश्रयाखालीं पॉम्पीच्या पांचव्या विभागांतील पहिल्या घरसमूहाचा अभ्यास हातीं घेण्यात आला. पुढें हें काम स्वीडनमधील लुंड विद्यापीठाकडे गेलें. ह्या एका समूहांत तीन धनिकांचीं मोठीं घरें, एक खानावळ, एक धोबीखाना, एक भाकरीची भट्टी आणि कित्येक बागा दाटीवाटीनें नांदत होत्या. त्यांतील एक घर लूसियस कायकीलियस युकुन्डस ह्या लिलांव व सावकारी करणाऱ्या गृहस्थाचें. मुळांत दोन घरें जोडून केलेल्या ह्या वास्तूंत इ. स. १८७५ त मेण लावलेल्या दीडशेंहून अधिक लांकडी पाट्या सांपडल्या. त्यांवर त्याच्या देण्याघेण्याचे व्यवहार नोंदलेले आहेत. अर्थात् हें घर खणून रिकामें झाल्याला आतां दीडशें वर्षें झालीं. उरल्या आहेत त्या भिंती, आणि त्यांचीहि झीज चालूच आहे.

इ. स. २०११ व २०१२ मध्यें संशोधकांनीं ह्या भिंतींची लेझर किरणांनीं मोजणी केली. तिपाईवर ठेवलेलें यंत्र स्वतःभोंवतीं फिरत सर्व बाजूंना किरण सोडतें, आणि भिंतीवर आपटून परत येणाऱ्या किरणावरून त्या त्या ठिकाणचें अंतर ठरवितें. असे लक्षावधि बिंदु एकत्र केले म्हणजे संगणकाच्या पडद्यावर सबंध घर बिंदूंच्या धुक्यासारखें उभें राहतें. ह्याच्या जोडीला दुसरी एक पद्धति आहे. एकाच भिंतीचीं निरनिराळ्या कोनांतून शेंकडों छायाचित्रें घ्यावयाचीं. त्यांतील समान खुणा संगणक हुडकून काढतो व त्यांच्या परस्पर अंतरावरून भिंतीचा उंचसखलपणा बसवितो. मग लुंड येथील खोलींत बसून पॉम्पींतील विटेचें माप घेतां येतें. कोणती भिंत आधींची व कोणती तिला मागाहून टेकविलेली, कोणतें दार केव्हां बुजविलें, दोन शेजाऱ्यांच्या घरांची एक वास्तु कशी झाली, ह्या गोष्टींचा निवाडा सांध्यांसांध्यांवरून करावा लागतो. आणि त्यासाठीं तोच सांधा पुन्हापुन्हा पाहावा लागतो. ती सोय ह्या नमुन्यानें झाली. युकुन्डसच्या घराचें छपरासह व रंगासह पुन्हा उभारलेलें चित्र इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालें व वर्तमानपत्रांतून जगभर गेलें.

आतां पत्त्याचें पाहूं. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाशीं ह्याचा संबंध अधिक जवळचा आहे. जुन्या खणणाऱ्यांनीं दैनिक नोंदवह्या ठेविल्या होत्या. त्यांत अमक्या दिवशीं अमक्या घरांत तांब्याचा दिवा, लोखंडी कुऱ्हाड, चार मडकीं सांपडलीं, असे त्रोटक उल्लेख असत. शंभर वर्षांच्या ह्या वह्या, संग्रहालयांतील वस्तु व प्रत्यक्ष खोल्या यांचा मेळ घालण्याचें चिकाटीचें काम पेनेलोपे ॲलिसन ह्या विदुषीनें केलें. तिनें पॉम्पींतील चौकाचीं तीस घरें निवडलीं, प्रत्येक खोलींत काय काय सांपडलें याची सूची केली, आणि इ. स. २००४ मध्यें आपल्या ग्रंथाच्या जोडीला ती सूची संगणकावर सर्वांना खुली केली. ह्यांत डोळे दिपविणारें चित्र एकहि नाहीं, रकाने आहेत. पण फळ्यावरच्या आमच्या आकृतीला खरा धक्का दिला तो ह्या रकान्यांनीं.

तिच्या सूचींत असें आढळून आलें कीं, पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठीं राखून ठेवलेला म्हणून आम्ही जो पुढचा चौक शिकवितों, तेथें घरगुती सामानानें भरलेलीं कपाटें व पेट्या होत्या, आणि कित्येक घरांत मागाचीं वजनेंहि होतीं. निजावयाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या लहान खोल्यांतून नाना तऱ्हेचें सामान भरलेलें होतें. खोलीचें लॅटिन नांव एक सांगतें व खोलींतील वस्तु दुसरें सांगतात, असें वारंवार घडलें. तात्पर्य, चौक हा सकाळीं आश्रितांच्या मुजऱ्याचा असेल. पण दिवसभर तो घरच्या बायकांचा, दासींचा आणि मुलांचाहि होता. व्हिट्रूव्हियसनें खोटें सांगितलें असें नव्हे. यजमानाला आपलें घर जसें दिसावें असें वाटे तसें त्यानें सांगितलें. आणि आम्हीं तें घर जसें होतें त्याचें वर्णन म्हणून वाचलें. चूक आमची.

येथेंच एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे, आणि ती ॲलिसनबाईंनींच सांगितली आहे. पॉम्पींतील घरें एखाद्या सुखरूप दिवशीं एकाएकीं थिजलीं असें मानणें चुकीचें होय. इ. स. ६२ मध्यें तेथें मोठा भूकंप झाला होता. त्यानंतर धक्के बसत होते, दुरुस्त्या चालू होत्या, सामान इकडचें तिकडे झालें होतें. बैठकींत चुन्याचा ढीग सांपडला, तर रोमन लोक बैठकींत चुना ठेवीत असा सिद्धान्त करूं नये! स्फोटाच्या तिथीचा वादहि असाच एका दुरुस्तींतल्या घरानें हलविला. ऑगस्टची २४ तारीख पिढ्यान्पिढ्या शिकविली गेली, पण इ. स. २०१८ मध्यें एका घराच्या भिंतीवर कोळशानें खरडलेली एक ओळ सांपडली, व तींतील तिथि १७ ऑक्टोबरशीं जुळते. ओळींत सालाचा आंकडा नाहीं. परंतु कोळसा टिकाऊ नसतो, व त्या घरांत काम चाललेलें होतें. तेव्हां ती ओळ त्याच वर्षाची असावी आणि स्फोट शरद्ऋतूंत झाला असावा, असें आतां पुष्कळांचें मत आहे. हा तर्कहि, पाहिलें तर, ओळीपेक्षां ओळीच्या जागेवरच उभा आहे.

आणि आतां पोकळीचा साचा. पॉम्पीच्या तटाबाहेर वायव्येस सुमारें ७०० मीटरांवर चिव्हिता जुलियाना ह्या ठिकाणीं एक शेतीवाडीचा वाडा आहे. चोरट्यांनीं भुयारें पाडून तो लुटण्यास आरंभ केल्यामुळें तेथें अलीकडे उत्खनन करणें भाग पडलें. त्याच्या तबेल्याजवळ इ. स. २०२१ मध्यें एक खोली उघडली. तिचें क्षेत्रफळ अवघें १६ चौरस मीटर. उजेडाला उंचावर एक लहानशी खिडकी. लांकूड व दोर कुजून राखेंत ज्या पोकळ्या उरल्या होत्या त्यांत फिओरेल्लीच्याच युक्तीनें प्लॅस्टर ओतलें, तेव्हां तीन खाटा उभ्या राहिल्या. दोरांनीं विणलेल्या, गादी नसलेल्या खाटा. दोन खाटांची लांबी १.७० मीटर; तिसरीची १.४० मीटर. खाटांखालीं मडकीं व खाजगी चीजवस्तु; एका बाजूस घोड्यांच्या साजाचीं धातूचीं व कापडाचीं साधनें भरलेली लांकडी पेटी; आणि कोपऱ्यांत मोठे रांजण, कारण ही खोली निजण्याची तशीच कोठाराचीहि होती.

त्या तिसऱ्या खाटेचें माप वाचलें त्या दिवशीं आम्ही बराच वेळ पुढचें पान उलटलें नाहीं. एक मीटर चाळीस सेंटिमीटर म्हणजे लहान मुलाची खाट. रोमच्या दास्यपद्धतीवर आम्हीं वर्षानुवर्षें व्याख्यानें दिलीं आहेत. कायदा सांगितला आहे, बंडें सांगितलीं आहेत. पण दास हें एक कुटुंबहि असूं शकतें, त्यांत एक मूल असतें, आणि तें मूल तबेल्याशेजारीं रांजणांच्या गर्दींत आपल्या माणसांजवळ निजतें, हें कोणत्याहि ग्रंथानें आम्हांस असें सांगितलें नव्हतें. येथें एकहि मौल्यवान वस्तु नव्हती. दोनशें वर्षांपूर्वींचा राजाचा चाकर ह्या खोलींतून क्षणभरहि न थांबतां पुढें गेला असता. खोली बोलली ती वस्तूंच्या किंमतीमुळें नव्हे. खाट, पेटी व रांजण यांची परस्परांतील जागा कोणी बिघडविली नव्हती, म्हणून बोलली. हल्लीं उत्खननांत थरामागून थर निघत असतां त्यांची मोजणी व छायाचित्रें संगणकांत सांठविलीं जातात, व इ. स. २०२३ पासून पॉम्पीच्या उत्खननाचे वृत्तान्त एका संगणकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होऊं लागले आहेत. जुन्या नोंदवहीचें हें नवें रूप जगाच्या पाठीवर कोणीहि घरीं बसून वाचूं शकतो.

एवढें गुणवर्णन केल्यावर दोषांविषयीं मौन पाळणें बरें नव्हे. पडद्यावर उभें केलेलें युकुन्डसचें घर पाहतांना मन सुखावतें, आणि धोका तेथेंच आहे. मोडक्या भिंतीकडे पाहतांना ती मोडकी आहे हें विसरतां येत नाहीं. संगणकानें पुरी केलेली भिंत कोठपर्यंत खरी व कोठून कल्पित हें डोळ्यांना कळत नाहीं. लेझरनें मोजलेला कोनाडा आणि चित्रकारानें अंदाजानें टांगलेला पडदा दोन्ही सारख्याच झळाळींत समोर येतात. हा धोका ओळखून इ. स. २००६ मध्यें लंडन येथें विद्वानांनीं एक सनद तयार केली. कोणता भाग पुराव्याचा, कोणता अनुमानाचा व तें अनुमान कशावरून केलें, हें अशा प्रत्येक चित्राबरोबर नोंदलें पाहिजे, असा तिचा आशय आहे. ग्रंथांत तळटीप असते तशी ही चित्राची तळटीप. ज्या चित्राला ती नाहीं तें चित्र शोभेचें समजावें. शिकविण्यास घेऊं नये.

दुसरी गोष्ट पाहणाऱ्याच्या डोळ्याची. युकुन्डसच्याच घरसमूहांत, १८ व्या दाराशीं, भिंतीवरील ग्रीक कवितांच्या ओळींमुळें प्रसिद्ध झालेलें एक घर आहे. इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत आजच्या कांहीं माणसांना ह्या घराचें संगणकीय रूप डोळ्यांवर चढविण्याच्या उपकरणांतून दाखविलें व त्यांची नजर कोठें कोठें खिळते हें यंत्रानें टिपलें. उजेड, रंग व खांबांची मांडणी यांच्या योगानें यजमान पाहुण्याची नजर हवी तिकडे कशी वळवीत असे, हें त्यावरून पुष्कळसें ध्यानांत येतें. प्रयोग कुशल आहे यांत शंका नाहीं. परंतु ती नजर विसाव्या एकविसाव्या शतकांत वाढलेल्या माणसाची होती. त्याच चौकांत घागर घेऊन शिरणारी दासी चित्राकडे पाहत असेल कीं ओल्या फरशीकडे, हें उपकरण सांगूं शकत नाहीं.

आपले पूर्वग्रह यंत्राहून चिवट असतात याचें एक उदाहरण फारच बोधप्रद आहे. पॉम्पींतील एका घरांत मनगटावर जड सोन्याचें कडें असलेल्या एका प्रौढ व्यक्तीचा व तिच्या अंगावर असलेल्या मुलाचा साचा मिळाला. कडें आहे व मूल आहे, तेव्हां ही माता, असें ठरलें. आणि कित्येक पिढ्यांनीं त्या मातेसाठीं डोळे ओले केले. इ. स. २०२४ मध्यें साच्यांत अडकून राहिलेल्या अस्थींच्या अनुवंशद्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. ती व्यक्ति पुरुष निघाली, व त्या मुलाशीं तिचें रक्ताचें नातें नव्हतें. डोळे ओले केले तें व्यर्थ गेलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शेवटच्या घटकेला परक्या मुलाला जवळ घेणारा मनुष्य काय कमी करुण आहे! पण आपण जें घर पाहत होतों तें रोमन नव्हतें, आपलेंच होतें, एवढें त्यावरून कळून आलें.

वस्तु जागेपासून तुटली म्हणजे तिच्यावर कसले कसले शिक्के बसतात, याचा दाखला आपल्या जिव्हाळ्याचाहि आहे. इ. स. १९३८ मध्यें आमेदेओ माइउरी ह्या उत्खननप्रमुखाला पॉम्पीच्या पहिल्या विभागांतील एका घरांत हस्तिदंताची, सुमारें पाव मीटर उंचीची, भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. अंगावर ठसठशीत दागिने, दोन बाजूंस दोन सेविका, आणि तळाशीं एक खरोष्ठी अक्षर. कोणी तिला लक्ष्मी म्हणालें, कोणी यक्षी. आपल्या जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथील उत्खननांत, सातवाहनकालीन थरांच्या त्या प्राचीन नगरांत, तिच्याशीं फार जुळणारी हस्तिदंती मूर्ति मिळाल्यामुळें ही मूर्ति दख्खनांतलीच असावी असें कित्येक विद्वानांस वाटतें. खरोष्ठी अक्षराच्या आधारें दुसरे तिचें माहेर वायव्येकडे शोधतात. मूर्तीला वरून खोबण आहे, त्यावरून ती एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी असाहि तर्क आहे. म्हणजे ज्या घरीं ती गेली तेथें ती रोजच्या वापरांतील एक जिन्नस असेल. नेपल्सच्या संग्रहालयांत मात्र ती शृंगारिक वस्तूंसाठीं राखून ठेवलेल्या 'गुप्त दालनां'त ठेवलेली आहे! घरांतून उचलली आणि दालनांत ठेवली, एवढ्यानें तिचा अर्थ पालटला. तिला पुन्हा तिच्या घरच्या इतर सामानाशेजारीं, निदान सूचींत व नकाशांत, बसविणें हें आतां संगणकामुळें सोपें झालें आहे. आणि तसें केल्याशिवाय ती कोणाची कोण होती हें कळावयाचें नाहीं.

कोणी म्हणेल, इतकी घाई कशाला? दोन हजार वर्षें टिकलें तें आणखी टिकेल. हा भ्रम आहे. राखेखालीं तें टिकलें. उघड्यावर तें टिकत नाहीं. इ. स. १९४३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत दोस्तांच्या विमानांनीं पॉम्पीवर दीडशेंहून अधिक बाँब टाकले. इ. स. २०१० च्या नोव्हेंबरांत मल्लशाळा म्हणून ओळखली जाणारी सबंध इमारत पावसांत एका सकाळीं कोसळली. ह्या दोन्ही अपघातांत चूर झालेल्या भित्तिचित्रांचे हजारों तुकडे जुळविण्यासाठीं इ. स. २०२१ मध्यें यंत्रहस्त व संगणक यांना कामास लावण्याचा प्रयत्न हातीं घेण्यात आला. शहराचा सुमारें एक तृतीयांश भाग अद्याप जमिनीखालीं आहे. तो घाईनें उघडूं नये, आणि उघडेल तेवढ्याची जागा न् जागा नोंदून ठेवावी, हाच शहाणपणा. ज्या खोलीची नोंद झाली नाहीं ती खोली पडली कीं तींतील माणसें दुसऱ्यांदां मरतात. आणि यजमानांचीं नांवें ग्रंथांत तरी राहतात, ह्यांचीं तेथेंहि नाहींत.

असो. आम्ही अजूनहि दरवर्षीं फळ्यावर ती आकृति काढतों. पण आतां लॅटिन नांवें लिहून झाल्यावर तीं पुसावयास सांगतों, आणि त्या जागीं तेथें सांपडलेल्या वस्तु लिहवितों: येथें मागाचीं वजनें, येथें पेटी, येथें दिवा, येथें चूल. ज्या विद्यार्थिनीनें तो प्रश्न विचारला ती केव्हांच महाविद्यालय सोडून गेली. हा अंक तिच्या हातीं पडला तर तिला एवढेंच सांगावयाचें आहे. अंथरुणाची वळकटी मागें खूण ठेवीत नाहीं, म्हणून शहरांतल्या त्या चौकाच्या घरांत दासी कोठें अंग टाकी तें बोट ठेवून दाखवितां येणार नाहीं; चुलीपाशीं, जिन्याखालीं, धनिणीच्या उंबऱ्याशीं, जेथें जागा मिळेल तेथें. पण तटाबाहेरच्या एका वाड्यांत, तबेल्याशेजारीं, उंच खिडकीच्या खोलींत दोरांच्या तीन खाटा होत्या, आणि त्यांतील एक आंखूड होती.